चुकलेल्या निकालाची भरपाई

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या सहा माणसांना निर्दोष ठरवून सोडून दिले. भटक्या जमातीतली, हातावर पोट असलेली माणसे. २००३ साली एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच जणांचा जीव गेला, बायकांवर अत्याचार झाले आणि त्या गुन्ह्यात हे सहा जण पकडले गेले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. सरकार अपिलात गेले. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सवलतही काढून घेतली आणि सहाही जणांच्या गळ्याभोवती पुन्हा फास आला. फेरविचारात, दहा वर्षांनी, त्याच न्यायालयाला दिसले की त्या रात्रीतून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चार माणसांना ओळखले होते. त्या चौघांच्या मागावर कोणी गेलेच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ही आपल्याकडची म्हण. इथे ती शब्दशः खरी व्हायची तेवढी राहिली होती.

ही माणसे सुमारे सोळा वर्षे तुरुंगात होती. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे उघड व्हायलाच २०१२ साल उजाडले. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपासात कसूर करणाऱ्या पोलिसांवर कारवाई करायला सांगितले. फाशी सुनावणाऱ्या, कायम करणाऱ्या आणि वाढवून देणाऱ्या न्यायाधीशांवर मात्र या सहांपैकी कोणालाही नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नव्हता, आजही येणार नाही. तसा दावा कायद्याने उंबऱ्यावरच अडतो.

तो अडला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आणि एवढे बोलून थांबणाऱ्या माणसाने या सहा जणांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, असेही माझे तितकेच ठाम मत आहे. या दोन मतांमध्ये भांडण नाही, हे मला या लेखात सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका वाटपाच्या दाव्याच्या निकालाला मी गेलो होतो. तालुक्याचे दिवाणी न्यायालय. भिंतीवर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला, त्यावर बोट फिरवत आपला नंबर शोधणारी माणसे, दारात पट्टेवाल्याचा पुकारा. दावा अठरा वर्षे चालला होता. निकाल सांगायला पाच मिनिटेही लागली नाहीत. हरलेला मावसभाऊ बाहेर येऊन पायरीवर बसला आणि वकिलांना म्हणाला, "वकीलसाहेब, आता साहेबांवरच केस टाका. आमची विहीर त्यांनी डोळ्यांनी बघितलीसुद्धा नाही." वकील म्हणाले, "दादा, निकाल पटला नसेल तर अपील करू. साहेबांवर केस होत नसते." "का होत नसते? डॉक्टरवर होते, इंजिनिअरवर होते." वकिलांनी यावर काही उत्तर दिले नाही. त्यांनी नकलेचा अर्ज भरायला घेतला.

त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते पक्षकारांना कोणी नीट सांगत नाही याचे मला वाईट वाटते. डॉक्टर आणि रोगी एकाच बाजूला असतात. उपचार बरोबर झाले तर दोघांचेही भले होते. न्यायाधीशाचे तसे नाही. त्याने काम अगदी चोख केले तरी एक जण हरूनच घरी जातो. रोज सकाळी बोर्डावर जितके दावे, तितकी संध्याकाळपर्यंत दुखावलेली माणसे. त्या प्रत्येकाच्या हातात न्यायाधीशावर दावा लावण्याचे हत्यार दिले, तर पैसेवाला पक्षकार ते पहिल्या दिवसापासून परजत बसेल आणि गरिबाला ते कधी पेलणारच नाही. दुसरीही एक गोष्ट आहे. माझ्या मावसभावाच्या समोर त्याचाच भाऊ उभा होता आणि तो जिंकला होता. न्यायाधीशावर दावा लागला असता, तर विहीर कोणाची हा प्रश्न तिसऱ्याच न्यायालयात नव्याने उकरला गेला असता. तिथला निकाल ज्याला पटला नसता, त्याने त्या तिसऱ्या न्यायाधीशावर दावा लावला असता. विहीर कोणाचीच झाली नसती. न्यायाधीशाला मिळणारे संरक्षण हे अशा रीतीने जिंकलेल्या पक्षकाराचेही संरक्षण असते.

न्याय देणाऱ्यावर खरोखरच दावा लावू दिला तर काय होते, हे हिंदुस्थानाने एकदा पाहिले आहे. पाटण्यात १७७६ साली शाहबाज बेग खान नावाचा सरदार वारला. मागे विधवा नादिरा बेगम आणि पुतण्या बहादूर बेग. दोघेही मालमत्तेवर हक्क सांगू लागले. पुतण्याने कंपनीच्या पाटणा कौन्सिलकडे धाव घेतली. कौन्सिलने काजी आणि दोन मुफ्तींना मालमत्तेची यादी करून वारसा ठरवायला पाठवले. त्यांचा कौल बेगमेच्या फारसा बाजूने नव्हता, आणि तो अमलात आणताना तिचे हाल झाले यातही शंका नाही. बेगमेने कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात पुतण्यावर, काजीवर आणि मुफ्तींवर दावा लावला. सर एलिजा इम्पी तिथे मुख्य न्यायाधीश होते. १७७९ साली कोर्टाने तीन लाख रुपयांची भरपाई बसवली. त्या काळचे तीन लाख! काजी आणि मुफ्ती इतकी रक्कम आणणार कुठून? त्यांना अटक करून कलकत्त्याकडे नेण्यात आले. म्हातारा काजी वाटेतच मेला.

या प्रकरणाने कंपनीची सगळी न्यायव्यवस्था हादरली. मुलखातल्या कोर्टांमध्ये बसायला कोण तयार होणार, असा प्रश्न उभा राहिला. शेवटी १७८१ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून मुलखातल्या न्यायिक अधिकाऱ्यांना त्यांच्या निकालांबद्दल सुप्रीम कोर्टात खेचायची वाट बंद केली आणि पाटण्याच्या मुफ्तींच्या सुटकेची सोय केली. आपल्याकडच्या न्यायाधीशांच्या कवचाचा उगम हा असा आहे. काजीचा कौल कदाचित चुकला असेल. बेगमेची तक्रार मुळीच खोटी नव्हती. पण तिची भरपाई एका म्हाताऱ्या काजीच्या जिवातून वसूल करणे हा त्यावरचा उपाय नव्हता. आणि मला अधिक सलते ते हे, की कायदा झाला तेव्हा काजीच्या वारसदारांपुढची वाट सोपी झाली, बेगमेसारख्यांचे काय हा प्रश्न मात्र कोणी पटलावर घेतला नाही. तो अजूनही तसाच पडून आहे.

१७८१ नंतरचा टप्पा १८५० सालचा, न्यायिक अधिकारी संरक्षण कायद्याचा. हा छोटासा कायदा अजूनही लागू आहे. न्यायाधीश, दंडाधिकारी, कलेक्टर, जो कोणी न्यायिक काम करत असेल त्याच्यावर त्या कामाबद्दल दिवाणी दावा चालणार नाही, असे तो सांगतो. अधिकारक्षेत्राबाहेर पाऊल पडले असेल तरीही चालणार नाही. अट एकच, की आपल्याला हा अधिकार आहे अशी त्याची त्या वेळी प्रामाणिक समजूत असली पाहिजे. ही अट शोभेची नाही. आसाममधल्या एका उपविभागीय अधिकाऱ्याने एका माणसाला बेपर्वाईने अटक करायला लावली आणि नंतर दंडाधिकारीपणाच्या झग्याआड उभा राहिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली त्याला कवच नाकारले. त्याने केलेले काम न्यायिक नव्हतेच, प्रशासकीय होते, आणि प्रामाणिक समजुतीचाही पत्ता नव्हता. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचे १५ वे कलम, जे आधी दंड संहितेचे ७७ वे होते, हेच तत्त्व सांगते.

मग १९८५ साली न्यायाधीश संरक्षण कायदा आला आणि त्याने हे कवच बरेच जाड केले. दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कारवायांना बंदी. निवृत्त न्यायाधीशालाही लागू. नुसत्या न्यायिक कामालाच नव्हे, अधिकृत कामालाही लागू. आणि प्रामाणिक समजुतीची अट त्यात नाही. एक दार मात्र उघडे ठेवले आहे: केंद्र सरकार, राज्य सरकार, सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय यांना कारवाई करता येते. सामान्य माणसाच्या हातात त्या दाराची किल्ली नाही. प्रामाणिकपणाची अट गाळायला नको होती असे मला वाटते. १८५० सालच्या कंपनी सरकारला जी अट महत्त्वाची वाटली, ती लोकशाही सरकारने सोडून द्यावी याला काही कारण सापडत नाही.

पण कवच मुळातच काढून टाका, हा सूर गेल्या काही वर्षांत वाढतो आहे, आणि तो जास्त धोक्याचा आहे. भीती न्यायाधीशाचे काय करते ते पाहायला फार लांब जायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी जाहीरपणे सांगितले, की खालच्या न्यायालयांतले न्यायाधीश जामीन द्यायला कचरतात ते गुन्हा कळत नाही म्हणून नव्हे. जामीन दिला तर आपल्यालाच लक्ष्य केले जाईल, या धास्तीने. ही धास्ती दाव्याचीसुद्धा नव्हे. चौकशी, बदली, गोपनीय अहवालातला शेरा, एवढ्याचीच. बिहारमधल्या कृष्णप्रसाद वर्मा या न्यायाधीशांवर जामिनाच्या एका हुकमावरून शिस्तभंगाची कारवाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ती रद्द केली आणि बजावले, की निकाल चुकला एवढ्यावरून न्यायाधीशाला शिक्षा करता येणार नाही. त्यात लाचलुचपत किंवा गैरहेतू दिसला पाहिजे. हे ऐकायला वर्मा हयात नव्हते. खटला वारसांनी चालवला होता. आता या धास्तीत घरदार जप्त होण्याची धास्ती मिळवा. जामिनाचा अर्ज हातात घेतलेला न्यायाधीश काय करेल? 'नामंजूर' लिहील. नामंजूर लिहिल्याबद्दल कोणी दावा लावत नाही. आत बसलेला गरीब आतच राहील. कवच काढले तर पहिला फटका न्यायाधीशाला बसणार नाही, त्याच्यासमोर हात जोडून उभ्या असलेल्याला बसेल.

आपल्याकडे या विषयावर कोणी तोंड उघडले की रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव निघते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही असे रामशास्त्र्यांनी तोंडावर सांगितले, ही गोष्ट मराठी मुलगा शाळेत शिकतो. पण गोष्टीचा उत्तरार्ध आपण भराभर उरकतो. निकाल सांगून रामशास्त्री पद सोडून पुण्याबाहेर गेले. म्हणजे बरोबर निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला खुर्ची आणि गाव दोन्ही सोडावे लागले. त्यांच्या धैर्याला मी हात जोडतो. पण ज्या व्यवस्थेत न्यायाधीश होण्यासाठी रामशास्त्रीच असावे लागते, ती व्यवस्था चालत नाही. तिथे साध्या, संसारी, कर्जाचे हप्ते भरणाऱ्या माणसालाही बलिष्ठाविरुद्ध निकाल देता आला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत येऊन बसता आले पाहिजे.

कवच ताणले तर ते किती भयंकर होऊ शकते, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जुलै १९७१ मध्ये एका आईने न्यायाधीश हॅरॉल्ड स्टम्प यांच्याकडे अर्ज आणला. माझी पंधरा वर्षांची मुलगी मंदबुद्धीची आहे, मुलांबरोबर फिरते, तिची नसबंदी करायला परवानगी द्या. मुलगी शाळेत दर वर्षी वरच्या वर्गात जात होती. न्यायाधीशांनी अर्जाला नंबर दिला नाही, तो दप्तरी नोंदवला नाही, मुलीला बोलावले नाही, तिच्या बाजूने वकील नेमला नाही. अर्ज आला त्याच दिवशी सही केली. मुलीला सांगितले, तुझे अपेंडिक्स काढायचे आहे. पुढे तिचे लग्न झाले, मूल होईना, आणि तेव्हा तिला खरे काय ते कळले. तिने न्यायाधीशांवर दावा लावला. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ठरवले, की स्टम्प यांना पूर्ण संरक्षण आहे. न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी विरोधी मत लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की न्यायाधीशाने केले एवढ्यावरून ते काम न्यायिक ठरत नाही. मी त्या तीन न्यायमूर्तींच्या बाजूचा आहे. जिथे दुसरी बाजू ऐकलीच नाही, नोंद नाही, अपिलाला वाव नाही, तिथे निकाल झालेलाच नसतो. कवच निकालाला असते. सहीला नसते.

दुसरे उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीचे. मार्क सिआव्हारेला आणि मायकेल कोनाहन या दोन न्यायाधीशांनी खाजगी बालसुधारगृहाच्या व्यवहारात २८ लाख डॉलर खाल्ले, आणि त्या कोठड्यांकडे पोरे धाडली जात राहिली. शाळेच्या उपमुख्याध्यापिकेची चेष्टा करणारे इंटरनेट पान बनवले म्हणून एका मुलीला तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुनावणी मिनिट-दीड मिनिटाची. कुंपणानेच शेत खाल्ले, ते असे. सिआव्हारेलाला २८ वर्षांची आणि कोनाहनला साडेसतरा वर्षांची कैद झाली. पण भरपाईच्या दाव्यात संघीय न्यायालयाने २००९ साली काय म्हटले ते लक्षात घ्यावे: न्यायासनावर बसून दिलेल्या हुकमांबद्दल, ते लाच खाऊन दिले असले तरी, सिआव्हारेलावर भरपाईचा दावा चालणार नाही, न्यायालयाबाहेर केलेल्या उद्योगांबद्दल चालेल. २०२२ साली या दोघांविरुद्ध २० कोटी ६० लाख डॉलरच्या भरपाईचा हुकूम झाला तो या दुसऱ्या वाटेने. हे दोघे ती रक्कम कुठून देणार, हा प्रश्न वेगळाच. पाटण्याच्या काजीपाशी तीन लाख नव्हते. यांच्यापाशीही नाहीत.

लाच हा निकाल नव्हे. तिला कवचाचा सवालच नाही, आणि आपल्या कायद्यातही नाही. जाणूनबुजून कायद्याविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला सात वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम जुन्या दंड संहितेत होते, आजच्या न्याय संहितेतही आहे. के. वीरास्वामी खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांनाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू असल्याचे सांगितले. गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांचा सल्ला घेतला पाहिजे एवढी अट घातली. पण व्यवहारात ही वाट किती अरुंद आहे, ते सगळ्यांना दिसते. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा ठराव ११ मे १९९३ रोजी लोकसभेत पडला: बाजूने १९६, विरोधात कोणी नाही, तटस्थ २०५. न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव २०११ साली राज्यसभेत मंजूर झाला, पण लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. न्यायालयांची अंतर्गत चौकशी बंद दाराआड होते. भ्रष्टाचाराविरुद्धच्या या वाटा रुंद करा, चौकशीचे अहवाल लोकांपुढे आणा, ही मागणी मी मनापासून करतो. फक्त लाचखोराला पकडण्याची ही मागणी आणि प्रामाणिक चुकीबद्दल दावा लावण्याची मागणी यांची गल्लत करू नये.

कारण बहुतेक चुका प्रामाणिकच असतात. त्या सहा जणांना २००९ साली फाशी देताना सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच आधीच्या एका निकालाचा आधार घेतला होता. शिक्षा ठरवताना गुन्हा किती क्रूर ते पाहावे, गुन्हेगाराची परिस्थिती पाहण्याचे कारण नाही, अशा अर्थाचा तो निकाल. १९८० सालच्या बच्चनसिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने नेमके याच्या उलट सांगितले होते. त्या सहा जणांच्या निकालानंतर पंधरवड्याच्या आतच, १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही चूक उघडपणे मान्य केली. पुढे २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली, की अशा चुकलेल्या आधारावर फाशी झालेल्या तेरा जणांना तरी फासावर देऊ नका. आता दावा कोणावर लावायचा? त्या आधीच्या निकालाच्या न्यायमूर्तींवर? २००९ च्या? सत्र न्यायाधीशावर, ज्याच्यापुढे पोलिसांनी अर्धेच कागद आणले? सरकारी वकिलावर? चूक इतक्या हातांतून गेलेली असते की एका माणसाच्या गळ्यात ती बांधताच येत नाही. ती व्यवस्थेची असते, आणि व्यवस्था सरकार चालवते.

म्हणून भरपाई सरकारने द्यावी. मागितली म्हणून उदारपणे नव्हे, हक्क म्हणून द्यावी. हा विचार नवा नाही. अमेरिकेत स्टम्प यांना संरक्षण मिळाले त्याच वर्षी, १९७८ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे त्रिनिदादचा खटला निकाली निघाला. भारतीय वंशाचे वकील रमेश लॉरेन्स महाराज यांना एका न्यायाधीशाने न्यायालयाच्या अवमानाबद्दल सात दिवस तुरुंगात टाकले होते, आणि नेमका अवमान काय झाला हे त्यांना नीट सांगितलेही नव्हते. प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की न्यायाधीशावर दावा चालणार नाही, तो आपल्या जागी सुरक्षित आहे. पण राज्यघटनेने दिलेला हक्क राज्याच्या न्यायसत्तेनेच मोडला, तेव्हा भरपाई राज्य देईल. न्यायाधीशाच्या चुकीचा बोजा त्याच्या वतीने उचलायचा म्हणूनही नव्हे, राज्याची स्वतःची जबाबदारी म्हणून. इतकी साधी आणि इतकी न्याय्य मांडणी मला या विषयात दुसरीकडे दिसलेली नाही.

हा विचार आपल्याकडे आलाही. मुझफ्फरपूरच्या तुरुंगात रुदल शाह नावाचा माणूस १९६८ साली निर्दोष सुटूनही १९८२ पर्यंत, चौदा वर्षे, आतच होता. यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, १९८३ साली, सर्वोच्च न्यायालयाने बिहार सरकारला आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज ३०,००० रुपये द्यायला लावले. १९९३ साली नीलबती बेहेरा खटल्यात त्रिनिदादचा तो निकाल आधाराला घेऊन न्यायालयाने हे तत्त्व पक्के केले. पण पोलीस आणि तुरुंगाधिकाऱ्यांच्या अत्याचारांपुरतेच ते मुख्यतः वापरले गेले. न्यायालयाच्याच चुकीने आत गेलेल्याला काय मिळेल, हे त्या दिवशीच्या खंडपीठाच्या मनावर राहिले. त्या सहा जणांना पाच लाख मिळाले. तसेच निर्दोष सुटलेल्या शेकडोंना रुपयाही मिळत नाही. तुरुंगाच्या दारात कपड्यांची पिशवी हातात देतात, आणि ते वाऱ्यावर.

इटलीने यावर कायदा केला, आणि त्यामागे एका माणसाची कहाणी आहे. एन्झो टोर्टोरा हा टेलिव्हिजनवरचा लाडका निवेदक. १७ जून १९८३ रोजी त्याला अमली पदार्थांच्या टोळीचा माणूस म्हणून बेड्या घालून कॅमेऱ्यांसमोरून नेले. पुरावा काय, तर टोळीतल्याच फुटलेल्या गुन्हेगारांच्या जबान्या आणि एका वहीत हाताने लिहिलेले नाव. ते नाव पुढे 'टोर्टोना' निघाले. एका अक्षराने माणूस गेला. १९८५ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, १९८६ साली अपिलात तो निर्दोष सुटला. लोक इतके चिडले, की १९८७ सालच्या सार्वमतात सुमारे ८० टक्के मतदारांनी न्यायाधीशांचे कवच काढण्याच्या बाजूने कौल दिला. संसदेने एप्रिल १९८८ मध्ये मधला मार्ग काढला: नागरिकाने दावा सरकारवर लावायचा, सरकारने भरपाई द्यायची, आणि चूक घोर निष्काळजीपणाची असेल तर सरकारने न्यायाधीशाकडून त्याच्या पगाराच्या ठरावीक हिश्श्यापर्यंतच वसुली करायची. पुढच्याच महिन्यात टोर्टोरा कॅन्सरने वारला. या कायद्यात चाळण्या इतक्या होत्या की अगदी मोजक्यांनाच काही मिळाले, म्हणून २०१५ साली तो सैल करावा लागला. आपण कायदा केला तर त्यांची ही चूक टाळावी.

आपल्याकडे विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यांचे बळी ठरलेल्यांना सरकारने भरपाई द्यावी, त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष न्यायालये असावीत, असे त्यात आहे. अहवाल चांगला आहे, पण त्याचा रोख तपासयंत्रणेच्या गैरहेतूवर आहे. न्यायालयाच्या प्रामाणिक चुकीने आत गेलेला माणूस त्यातून निसटतो. आणि त्या अहवालाचाही कायदा झालेला नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ साली सामील झाला तेव्हाच सरकारने लेखी राखून ठेवले होते, की बेकायदा अटकेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क आमच्या कायद्यात नाही.

मला हवा असलेला कायदा लहान आहे. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेला माणूस अखेरच्या अपिलात निर्दोष ठरला, की त्याने आत काढलेल्या प्रत्येक दिवसाचा ठरावीक दर सरकारने ठरावीक मुदतीत द्यावा. त्यासाठी त्याला कोणाचा गैरहेतू सिद्ध करावा लागू नये. जास्त नुकसान झाले असेल तर तो पुरावा घेऊन मागेल. संशयाचा फायदा मिळून सुटला, म्हणून त्याला कमी लेखू नये. कायद्याच्या लेखी निर्दोष माणसाच्या दोन जाती नाहीत. न्यायाधीशाकडून वसुली फक्त त्याचा गुन्हा फौजदारी न्यायालयात शाबीत झाला तरच. आणि असा प्रत्येक प्रसंग उच्च न्यायालयाने अभ्यासावा, म्हणजे तीच चूक दुसऱ्या तालुक्यात होणार नाही. दिवाणी दाव्यांना मी यात ओढत नाही. तिथे अपील पुरेसे आहे. तिजोरीवर ताण येईल, असे सांगितले जाईल. येईल. त्या ताणाचा उपयोगच होईल, कारण चुकीची किंमत खजिन्यातून जाऊ लागली की तपास, सरकारी वकील, विधिसेवा यांच्यावर खर्च करणे सरकारला परवडू लागते. आज ती किंमत आत बसलेला माणूस एकटा भरतो, म्हणून ती कोणाच्याच हिशोबात येत नाही.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाला यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचीही गरज नाही. राज्याच्या तिजोरीतून राज्याच्या तुरुंगातल्या निर्दोष माणसाला भरपाई देण्याची योजना राज्य सरकार स्वतः आखू शकते. आपल्या आमदारांना हे विचारा. त्या सहा जणांना मिळालेले पाच लाख रुपये सोळा वर्षांच्या दिवसांवर वाटले, तर एका दिवसाचे होतात शहाऐंशी रुपयांहूनही कमी.